भिंगरीचा हात

४ ऑगस्ट

ताई,

भिंगरीच्या हाताला कुणी हात लावला तर लगेच कळव, असं तू निघताना मला बजावलं होतंस. म्हणून हे पत्र. फोनवर बोललो असतो, पण दुकानात सोफ्याचं कापड बघायला आलेली माणसं कापड सोडून माझं बोलणं ऐकतात, आणि घरी हिच्यासमोर हा विषय काढता येत नाही.

भिंगरीच्या सॉफ्टबॉलच्या संघाला गेल्या महिन्यात नव्या कोच आल्या. मुली त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात. वय तुझ्याहून चार-पाच वर्षांनी कमी असेल. बोलतात थोडं, लिहीत काहीच नाहीत, पण बघतात फार. आल्यापासून त्यांनी आपल्या पोरीची पिचिंगच, म्हणजे चेंडू टाकायची पद्धतच, बदलायला घेतली आहे.

तू शिकवलंस ते असं: हात पाठीमागून पूर्ण गोल फिरवायचा, चेंडू मांडीपाशी सोडायचा आणि सोडताक्षणी कोपर वर, थेट नाकासमोर. आठव्या वर्षापासून ती तसंच टाकत आली. त्या फिरत्या हातावरूनच तू तिला भिंगरी म्हणायला लागलीस. आता या बाई म्हणतात, कोपर वर न्यायचंच नाही. हात सैल सोडायचा, कमरेला घासून जाऊ द्यायचा, तळवा आत वळेल तसा वळू द्यायचा आणि हात खाली, पोटासमोर आडवा थांबवायचा. चाबूक झटकल्यासारखं काहीतरी.

परिणाम काय झाला सांगतो. पोरगी चेंडू कुठेही टाकते आहे. परवा एक कॅचरच्या डोक्यावरून गेला, एक तर थेट पाण्याच्या पिंपावर आदळला. वेग निम्मा झालाय. आणि नोव्हेंबरात निवड चाचणी आहे. तिथे निवडल्या जाणाऱ्या मुली क्रीडा वसतिगृहात जातात हे तुला माहीतच आहे.

संघात अजून एक पिचर आहे, उंच, किडकिडीत मुलगी. ती रोज सराव संपल्यावर बाईंच्या स्कूटरवर बसून जाते. मी काही म्हणत नाही, फक्त दिसलं ते लिहिलं.

हात असा बदलतात का गं या वयात? तुला काय वाटतं ते कळव.

तुझा,
बारक्या


११ ऑगस्ट

बारक्या,

तू काही म्हणत नाहीस आणि तरी स्कूटरचं लिहितोस, म्हणजे तुलाही तेच वाटतंय जे मला वाटतंय. मग स्पष्ट लिही की.

मी इथे दिवसभर काचेच्या बाटल्या उजेडासमोर धरून बघते. तडा गेलेली बाटली दिसायला चांगलीच दिसते. तडा शोधायचा तर बाटली फिरवावी लागते. तू ही बाई जरा फिरवून बघ.

चौदाव्या वर्षी, चाचणी तीन महिन्यांवर आलेली असताना, कुणीही शहाणा माणूस चालता हात मोडत नाही. कोपर वर नेण्यात चूक काय? मी तसंच टाकायचे, आणि आमच्या कारखान्याच्या संघाने सलग दोन वर्षं कुणाला जिंकू दिलं नव्हतं. तेव्हा तू प्रेक्षकांत बसून पेरू खात होतास, आठवत असेल.

आता विचार कर. एका संघातून पिचर निवडायची म्हणजे बहुतेक एकच. भिंगरीचा चेंडू पिंपावर गेला तर कोण पुढे येणार? ती उंच मुलगी. आणि ती कुणाच्या स्कूटरवर बसते? उगाच कुणी कुणाच्या पोरीला रोज घरी सोडत नाही. भाची असेल, नाहीतर बहिणीची सासरकडची कुणी असेल. चौकशी कर, पण तोंड उघडून नको. तुला चौकशी करता येत नाही, तू आधी माफी मागतोस आणि मग प्रश्न विचारतोस. नुसता बघ.

भिंगरीला घरी, वर्कशॉपच्या मागे जुन्या पद्धतीनेच टाकायला लाव, हात विसरता कामा नये. आणि हे सगळं फोनवर नको. फोनवर तू नुसतं ‘हो हो’ करतोस आणि मागून भांडी वाजतात, तेव्हा मला कळतं की कुणीतरी ऐकतंय.

ताई


२९ ऑगस्ट

ताई,

गाद्यांचे नमुने दाखवायला जातो असं सांगून मी चार वेळा दुकान लवकर बंद केलं. मैदानाच्या मागे टाकी आहे, तिच्या आडोशाला उभा राहिलो. पहिल्याच दिवशी वॉचमनने गाठलं. ‘कुणाची वाट बघताय?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘कुणाची नाही.’ तर म्हणाला, ‘मग टाकीमागे काय करताय?’ याला काय सांगणार? आता तो मला रोज सलाम करतो आणि माझ्यावर नजर ठेवतो.

जे पाहिलं ते लिहितो. बाकीच्या मुली पळायला गेल्या की बाई भिंगरीला बाजूला घेतात. मोबाइलवर तिचं टाकणं टिपतात आणि तिला दाखवतात, फार हळू बोलतात. एकदा बाईंनी तिच्या खांद्यावर पुढच्या बाजूने दोन बोटं ठेवली आणि काहीतरी विचारलं. भिंगरीने मान हलवली. मग बाईंनी तिच्या हातातला चेंडू काढून घेतला आणि त्या दिवशी तिला टाकूच दिलं नाही. त्या वेळात उंच मुलीने मात्र मनसोक्त टाकलं. मी मुद्दाम समोरून गेलो तेव्हा दोघी गप्प झाल्या. बाई म्हणाल्या, ‘नमस्कार, आज लवकर?’ तो ‘आज’ मला काही बरा वाटला नाही.

शनिवारचा सामना आपण हरलो. भिंगरीने इतक्या जणींना फुकट पहिल्या बेसवर पाठवलं की समोरच्या संघाच्या मुली बॅट खांद्यावरून उतरवायलाही तयार नव्हत्या. बाई तिला ओरडल्या नाहीत. उलट पाठ थोपटली. हरलेल्या पिचरची पाठ कोण थोपटतं?

आता घरचं. लिहू की नको असं झालंय, पण लिहितो. ही सध्या भल्या सकाळी भिंगरीला घेऊन ‘फिरायला’ जाते. लग्नाला इतकी वर्षं झाली, ही कोपऱ्यावरच्या दुकानातही रिक्षाने जायची. परतते तेव्हा पोटऱ्यांवर धूळ असते. मागच्या आठवड्यात उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख काळंनिळं. विचारलं तर म्हणाली, दवाखान्यात ड्रॉवरमध्ये सापडला. चार दिवसांनी नडगीवर हे एवढं निळं. तेही ड्रॉवरच. दातांच्या दवाखान्यातले ड्रॉवर इतके भांडकुदळ असतात हे मला माहीत नव्हतं.

आणि भिंगरी डाव्या हाताने केस विंचरते. का, म्हटलं, तर म्हणाली, दोन्ही हात सारखे चालायला हवेत.

दोघी स्वयंपाकघरात बोलत असतात आणि मी आलो की नळ सोडतात.

बारक्या


५ सप्टेंबर

बारक्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. डब्याच्या सुट्टीत वाचलं, आणि मग डबा तसाच राहिला.

डाव्या हाताने विंचरून कुणी पिचर झालेली मी ऐकलेली नाही. ही शिकवणी त्या बाईची आहे. पोरीला अशी उत्तरं तिनेच पढवलेली आहेत.

तुझ्या बायकोबद्दल मी एरवी बोलत नाही, तूही कधी बोलू दिलं नाहीस. पण आता लिहिते, वाईट वाटलं तर वाटू दे. तिला हा खेळ कधीच आवडला नाही. मी तिथे राहत होते तेव्हा संध्याकाळी पोरीला घेऊन मागे गेले की तिच्या कपाळावर आठी यायची. ‘किती दिवस चेंडूच टाकणार आहे ही?’ हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. बाईला आपली उंच पोरगी पुढे काढायची आहे, आणि तुझ्या बायकोला भिंगरीने खेळ सोडून अभ्यासाला बसायला हवंय. दोघींचं एकमेकींशी पटायला वेळ लागला नसेल. सकाळी कुठे जातात, कुणाला भेटतात, हे तू अजून का बघितलं नाहीस? टाकीमागे उभा राहतोस आणि स्वतःच्या दाराबाहेर पाऊल टाकत नाहीस.

क्लबच्या समितीकडे तक्रार दे. कागदावर, सहीने. लिही की चाचणीच्या तोंडावर मुलीची चालू पद्धत विनाकारण मोडली, तिला सरावात मागे ठेवलं आणि नात्यातल्या मुलीला पुढे केलं. गुळमुळीत लिहू नकोस. तू ‘कदाचित’ हा शब्द फार वापरतोस.

देऊन आलास की कळव.

ताई


२१ सप्टेंबर

ताई,

तक्रार दिली. ‘कदाचित’ एकदाच लिहिलं होतं, तेही खोडलं.

समितीने मंगळवारी बोलावलं. अध्यक्ष म्हणजे ते औषधांच्या दुकानाचे मालक. त्यांनी माझं सगळं वाचून दाखवलं. मग मला विचारलं, ‘ती मुलगी बाईंची भाची आहे हे कशावरून?’ मी म्हटलं, सगळे म्हणतात. ‘सगळे म्हणजे कोण?’ मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला, कारण सगळे म्हणजे तू.

बाईंना विचारलं, मुलीचा हात का बदलला? त्या म्हणाल्या, ‘तिच्या भल्यासाठी.’ अध्यक्ष म्हणाले, ‘म्हणजे काय, नीट सांगा.’ त्या म्हणाल्या, ‘याहून जास्त मला सांगता येणार नाही.’ आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. गिऱ्हाइकाने दिलेलं कापड कमी पडणार हे मला दिसतं आणि त्याला दिसत नाही, तेव्हा मी जसा बघतो, तसं काहीतरी. समितीला ते उत्तर उद्धट वाटलं. चाचणी होईपर्यंत त्यांना संघापासून लांब ठेवलंय.

मला वाटलं होतं बरं वाटेल.

ही त्या रात्रीपासून भिंगरीच्या खोलीत झोपते. भिंगरी माझ्याशी हो-नाही एवढंच बोलते. तू सांगितल्याप्रमाणे मी तिला मागे नेलं, म्हटलं, आत्याने शिकवलं तसं टाक. तिने टाकले. ताई, काय चेंडू होते. ग्लोव्हमध्ये असा आवाज की शेजारचा सुतार बघायला आला. मी खूश होऊन वर पाहिलं तर पोरीच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं. का रडतेस, तर म्हणाली, ‘घाम आहे.’

रविवारी सामना होता. पहिल्या दोन इनिंगमध्ये तिने जुन्या हाताने समोरच्यांना हलू दिलं नाही. मी जाळीला धरून उभा. तिसऱ्या इनिंगमध्ये तिने हात फिरवायला घेतला, अर्ध्यावर थांबवला, चेंडू डाव्या हातात घेतला, चालत जाऊन उंच मुलीच्या ग्लोव्हमध्ये ठेवला आणि बाकावर जाऊन बसली. घरी आल्यावर दार लावून घेतलं.

काय चाललंय मला कळत नाही. तू ये म्हटलं असतं, पण हिला विचारायचा धीर होत नाही.

बारक्या


२ ऑक्टोबर

ताई,

नमस्कार. मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, त्यामुळे सुरुवात कशी करायची ते सुचत नाही. सरळ लिहिते.

तुमची पत्रं मी वाचलेली नाहीत. तशी गरजही पडली नाही. तुमचं पत्र आलं की हे दोन दिवस माझ्याकडे कसे बघतात त्यावरून मजकूर कळतो.

भिंगरी डाव्या हाताने केस विंचरते, कारण उजवा हात तिला डोक्यापर्यंत नेता येत नव्हता. हे मी उन्हाळ्यात पाहिलं. आमच्या दवाखान्याच्या वर हाडांचे डॉक्टर बसतात, त्यांना दाखवलं. खांद्याच्या पुढच्या बाजूला, स्नायू हाडाला धरतो तिथे सूज आहे, म्हणाले. कोपर जोरात वर ओढलं की नेमकं तिथेच खेचलं जातं. सगळ्यांना असं होत नाही, पण हिचा खांदा तसा आहे. असंच टाकत राहिली तर सोळाव्या वर्षी टाकायला खांदा राहणार नाही, हे त्यांचे शब्द.

तुम्हाला वाटेल, मग आम्हाला का सांगितलं नाही. तिने सांगितलं होतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुम्ही इथेच होतात. तुम्ही म्हणालात, ‘दुखतंय म्हणजे हात तयार होतोय.’ दुसऱ्यांदा यांना सांगितलं. हे म्हणाले, ताईला विचारतो. मग शेकायची पिशवी आणून दिली आणि संध्याकाळी पुन्हा मागे टाकायला नेलं. तिसऱ्यांदा ती कुणाला सांगायला गेली नाही. मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून मला कळलं.

नव्या बाई आल्या त्याच आठवड्यात मी त्यांना जाऊन भेटले. कागद दाखवले. विचारलं, खेळ सोडायला न लावता काही करता येईल का? त्या म्हणाल्या, येईल, पण वेग जाईल, नेम जाईल, लोक हसतील आणि परत यायला वर्ष लागेल. वडिलांना सांगा, असंही म्हणाल्या. मीच नको म्हटलं. यांना सांगितलं की हे त्याच संध्याकाळी तुम्हाला लिहिणार. तुमचं उत्तर आलं की पोरगी पुन्हा जुना हात टाकणार, कारण तुम्हाला नाही म्हणणं तिला जमत नाही. ती तुम्हाला घाबरत नाही, ताई. तिला तुम्ही आवडता. ते जास्त अवघड आहे.

बाईंनी मला शब्द दिला आणि समितीसमोर तो पाळला. मी त्या वेळी बाहेरच्या बाकावर बसले होते. दार उघडून आत जायला चार पावलं लागली असती. मी गेले नाही, आणि त्यांचं काम गेलं. हे मला रोज टोचतं.

अंगठा ड्रॉवरमध्ये सापडला नाही. रोज सकाळी नदीकडच्या मोकळ्या जागेत मी तिच्यासमोर ग्लोव्ह घेऊन बसते. मला झेलता येत नाही. नव्या हाताने ती चेंडू कुठेही टाकते आणि मी डोळे मिटून घेते. एकदा एक नडगीवर बसला तेव्हा ती धावत आली, म्हणाली, ‘आई, राहू दे, मी भिंतीवर टाकते.’ मी म्हटलं, भिंत तुला सांगणार आहे का कुठे लागला ते? आता मी दहातले सहा घेते.

मला खेळ आवडत नाही हे खरं आहे. पण तिला आवडतो, हे मला तुमच्याइतकंच दिसतं.

त्या रविवारी सामन्यात तिने चेंडू का ठेवून दिला, हे यांनी मला काल विचारलं. पहिल्यांदाच मला विचारलं. मी सगळं सांगितलं. हे उठून मागे गेले आणि बराच वेळ एका खुर्चीचे खिळे काढत बसले. ती खुर्ची कालच पूर्ण झाली होती.

तुमची भावजय


१० ऑक्टोबर

ताई,

हिने तुला लिहिलंय म्हणाली. तुझं उत्तर आलं नाही. असो.

मी बाईंकडे जाऊन आलो. सायकलच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर राहतात. दिवसा कुरियरच्या ऑफिसात काम करतात, तिथून नुकत्याच आल्या होत्या. मी दारातच म्हटलं, ‘चूक झाली.’

त्या म्हणाल्या, ‘आत या, जिन्यात सगळं ऐकू जातं.’

पाणी दिलं. मग विचारलं, ‘आधी माझ्याकडे का आला नाहीत? टाकीमागे उभे होतात, तिथून मैदानात यायला काही फार लांब नव्हतं.’

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी म्हटलं, ‘मला वाटलं, तुम्ही खोटं सांगाल.’

‘सांगितलंच असतं,’ त्या म्हणाल्या. ‘मी शब्द दिला होता. पण मग मी तुमच्या बायकोकडे जाऊन म्हटलं असतं, आता सांगून टाका, हा माणूस झोपत नाहीये.’

उंच मुलगी त्यांची कुणी नाही. तिचा बाप रात्रपाळीला असतो, आई अंथरुणाला खिळलेली आहे. पोरगी एकटी अंधारातून जाऊ नये म्हणून बाई तिला सोडतात. आपण दोघांनी मिळून तिला भाची केली, ताई. मी तर सही केली.

समितीकडे तक्रार मागे घ्यायला गेलो. अध्यक्ष म्हणाले, हा काय खेळ आहे का, आज दिली उद्या मागे घेतली? चाचणी झाल्यावर बघू. खरी गोष्ट सांगितली तर म्हणाले, आता बायकोचं ऐकून आलात का? मी म्हटलं, हो. ते मला आधी करायला हवं होतं.

सकाळी मी त्या दोघींबरोबर गेलो होतो. मला ग्लोव्ह दिला नाही. हिने सांगितलं, लांब गेलेले चेंडू आणून द्या. तेवढं करतो.

तू गप्प का आहेस?

बारक्या


१८ ऑक्टोबर

भिंगरी,

तुझ्या आईचं पत्र आलं. तुझ्या बाबांचंही आलं. दोघांनी जे लिहिलंय ते जुळतं, तरी मी तुलाच विचारते, कारण मला सवय आहे.

खरंच इतकं दुखत होतं का? की डॉक्टरांनी घाबरवलं? आमच्याकडे एखादी बाटली एकजण बाद करतो, मी पुन्हा बघते, तर ती ठीक असते. असं होतं कधी कधी. मी कुणाला खोटं म्हणत नाहीये.

तू मला सांगितलं होतंस, असं तुझी आई लिहिते. मी आठवायचा फार प्रयत्न केला. आपण मागे होतो, तू बादलीवर बसली होतीस, तू काहीतरी म्हणालीस आणि मी काहीतरी म्हणाले. तुझा चेहरा आठवत नाही. बहुतेक मी बघितलाच नव्हता, चेंडूची शिवण बघत होते.

कारखान्यातून आल्यावर खोलीत मी तुझ्या नव्या पद्धतीने हात फिरवून पाहिला. मला जमला नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या, काय पडलं म्हणून.

चाचणीला येऊ का? रजा मिळते आहे. एकदा बघितलं म्हणजे मला खात्री वाटेल.

आत्या


२५ नोव्हेंबर

आत्या,

तुझं पत्र चाचणीच्या आधीच मिळालं होतं. मुद्दाम उत्तर दिलं नाही. ‘हो’ लिहिलं असतं तर तू आली असतीस, ‘नको’ लिहिलं असतं तर तुला आईने लिहायला लावलं असं वाटलं असतं. आणि खरं सांगू का, पत्र वाचून मला वाटलं की बाबांनीच तुझ्याकडून लिहून घेतलं. मग खोलीत काहीतरी पडलं ते वाचलं, तेव्हा पटलं की तूच लिहिलंयस.

इतकं दुखत होतं का, विचारलंस. हो. पिच टाकल्यावर मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचे ना, ती सुटलेली नसायची. वेळ काढायचे. तू एकदा म्हणाली होतीस, किती वेळा नाडी बांधतेस, नवीन घे. बाबांनी नवीन आणली.

चाचणीत माझी निवड झाली नाही. उंचीची झाली. त्या उंच मुलीला आम्ही उंचीच म्हणतो. तिने छान टाकले, कुणीही तिलाच घेतलं असतं, भाची असो नाहीतर नसो. मी पहिले चार कुठेही टाकले. मग नीट पडायला लागले, पण वेग नाही. निवड करणाऱ्यांपैकी एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, हात कधी बदललास? मी म्हटलं, पावसाळ्यात. त्या म्हणाल्या, अर्धवट शिजलेला घेऊन आलीस, पुढच्या वर्षी ये. मग विचारलं, सराव कुणाबरोबर करतेस? मी म्हटलं, आईबरोबर. त्यांना वाटलं आई खेळाडू आहे. मी काही सांगितलं नाही.

आपल्या बाई परत आल्या नाहीत. समितीने बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, माझ्यावर लक्ष ठेवायला माणूस लागतो अशा ठिकाणी मी येत नाही. आता त्या गावाच्या दुसऱ्या बाजूच्या शाळेच्या मैदानावर शिकवतात. मी तिथे जाते, दोन बस बदलून. बाबा सोडायला येतात, पण फाटकाशी थांबतात. बाई त्यांना आत बोलावतात तरी येत नाहीत. तिथल्या बाकाची गादी फाटली होती, ती कुणालाही न सांगता शिवून गेले. बाईंना कळलंच, टाके त्यांचेच दिसतात.

तुला वाटत असेल, कुणी बघत नसताना मी जुन्या हाताने टाकते का. बाबांना तसं विचारलंयस हे मला माहीत आहे. हो, कधी कधी एखादा टाकते. तो सरळ जातो आणि फार जोरात जातो. मग खांदा दोन दिवस सांगत बसतो. तुझा हात चांगला होता, आत्या. माझ्यात बसत नाही एवढंच.

परीक्षा संपली की ये. पण बघायला ये, सांगायला येऊ नकोस. आणि माझ्या मागे उभी राहू नकोस, मागे तू असलीस की माझं कोपर आपोआप वर जातं. समोर बस, आईच्या शेजारी, म्हणजे मला तुझं तोंड दिसेल. तू ते वाकडं करशील हे मला माहीत आहे. केलंस तरी मी तसाच टाकणार आहे.

भिंगरी